लेह्य, नवस आणि रोग्याचा कागद

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपल्याकडे कारीट फुटते. कावेरीकाठच्या तंजावर, कुंभकोणम, तिरुवैयारू भागात त्याच पहाटे तळहातावर काळपट लेह्याची गोळी पडते. तिचे नाव ‘दीपावळी मरुंदु’, म्हणजे दिवाळीचे औषध. सुंठ, मिरी, पिंपळी, जिरे, धने, ओवा भाजून कुटायचे, गुळाच्या पाकात घालून तूप आणि तिळाचे तेल सोडत घोटायचे, उतरवल्यावर मध घालायचा. तेल लावून न्हाणे झाले की आधी ही गोळी, मग फराळ. चकली पोटात जाण्याआधीच तिचा बंदोबस्त करणारी ही माणसे मला फार व्यवहारी वाटतात.

दिवाळीच्या आठवड्यात लेह्याचे साहित्य बांधलेली पुडी तिथल्या ‘नाट्टु मरुंदु’च्या दुकानात तयार मिळते. नाट्टु मरुंदु म्हणजे देशी औषधे, आपल्याकडच्या काष्ठौषधीच्या दुकानाचे तमिळ भावंड. एरवी तिथे वाळा, नागरमोथा, ज्येष्ठमध, काडेचिराईत यांची गिऱ्हाइके असतात. त्यांतल्या बहुतेकांनी सरकारी दवाखान्यातली गोळीही घेतलेली असते आणि देवाला काहीतरी बोललेलेही असते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात उपचारांची अशी सरमिसळ मुरलेली आहे. कालवे, भाताची चिखलणी, डास, साप आणि दरवर्षीचे ताप असलेल्या मुलखात एकाच उपायावर भरवसा ठेवणे परवडलेही नसते. हत्तीरोगासाठी तर कुंभकोणमची कुप्रसिद्धी दूरवर होती.

या प्रदेशाचा स्वतःचा वैद्यकमार्ग म्हणजे सिद्ध. परंपरा अठरा सिद्धर सांगते. अगस्त्य, बोगर, तेरैयर, कोंगणर ही त्यांतली नावे. करुवूरर या सिद्धराचे छोटे देऊळ तंजावरच्या बृहदीश्वराच्या आवारातच आहे. वात, पित्त, कफ ही त्रयी आयुर्वेदासारखीच, पण शिकवण तमिळ पद्यात आणि पारा, गंधक, क्षार, धातू यांच्यावर भर अधिक. रोगपरीक्षा आठ प्रकारची: नाडी, स्पर्श, जीभ, वर्ण, आवाज, डोळे, मल आणि मूत्र. मूत्रपरीक्षेची एक तऱ्हा विलक्षण आहे. सकाळच्या मूत्रावर तिळाच्या तेलाचा थेंब सोडायचा. तो सापासारखा लांबत गेला तर वात, कड्यासारखा पसरला तर पित्त, मोत्यासारखा जागीच राहिला तर कफ. आजची प्रयोगशाळा यावर विसंबणार नाही आणि विसंबूही नये. पण रोग्याच्या शरीरातून बाहेर आलेली गोष्ट उजेडात धरून निरखायची ही शिस्त आहे, तिची टिंगल मला करवत नाही.

औषधे चूर्ण, लेह्य, काढा इथपासून ‘पर्पम्’ आणि ‘चेंदूरम्’ या भस्मांपर्यंत जातात. धोका असतो तो या टोकाला. नीट न मारलेला पारा किंवा सोमल पोटात गेला, तर तो पूर्वजांचा मान ठेवून थांबत नाही. मूत्रपिंडे निकामी होतात. याखेरीज ‘तोक्कणम्’ हे मर्दन आणि दक्षिण टोकाकडे, कन्याकुमारीच्या बाजूला, जास्त जोपासलेले वर्म, म्हणजे मर्मबिंदूंवरचे उपचार आहेत. पाठदुखी, आखडलेला खांदा, जुने सांधे यांना मर्दनाने आराम पडतो. तेवढ्यापुरते ते घ्यावे.

आता देवांकडे. या बाबतीत इतका दाट प्रदेश भारतात क्वचित असेल. वैदीश्वरन कोविलमध्ये शंकर स्वतःच वैद्यनाथ आहे आणि देवी तैयलनायकी हातात औषधी तेल घेऊन त्याच्या मदतीला उभी आहे, अशी श्रद्धा. भक्त तळ्यात गूळ सोडतात, मीठ-मिरी वाहतात आणि होमाची राख कालवून केलेली गोळी प्रसाद म्हणून गिळतात. पापनाशमजवळच्या तिरुक्करुगावूरला गर्भरक्षांबिका आहे. मूल व्हावे म्हणून तिथले तूप आणि बाळंतपण सुखरूप व्हावे म्हणून पोटावर लावायला मंतरलेले एरंडेल मिळते. तमिळनाडूत आज जवळजवळ सगळी बाळंतपणे रुग्णालयात होतात. म्हणजे एरंडेलाची बाटली पिशवीत आणि नाव प्रसूतिगृहात नोंदवलेले. याला माझी काही हरकत नाही. वैदीश्वरन कोविलच्या रस्त्यावरच्या ताडपत्री-नाडी भविष्याबद्दल मात्र आहे. आपल्याकडून बसगाड्या भरून लोक तिथे जातात. त्या पट्ट्यांतल्या एका ‘कांडात’ औषधे असतात, दुसऱ्यात शांती, आणि शांतीचा खर्च औषधापेक्षा मोठा निघतो.

तंजावरजवळच्या पुन्नैनल्लूरची मारीअम्मन तंजावरवर राज्य केलेल्या आपल्या भोसल्यांशी जोडलेली आहे. तुळजाराजांच्या मुलीची आजारात गेलेली दृष्टी देवीच्या कृपेने परत आली, अशी कथा तिथे सांगतात. मूर्ती वारुळाच्या मातीची असल्याने तिला पाण्याचा अभिषेक चालत नाही. नागूरला शाहुल हमीदांचा दर्गा. त्यांनी तंजावरच्या नायक राजाचे दुखणे बरे केले, त्यासाठी राजवाड्यात लपवलेले सुया टोचलेले कबूतर शोधून काढले, ही आख्यायिका. तिथला सर्वांत उंच, १३१ फुटांचा मिनार मराठा राजे प्रतापसिंह यांनी बांधवला. आणखी थोडे दक्षिणेला वेळांकन्नीची आरोग्यमाता. तिने ताक विकणाऱ्या पांगळ्या पोराला चालते केले म्हणतात. २९ ऑगस्ट ते ८ सप्टेंबरच्या तिच्या जत्रेला मुंबईहून, वसईहून, गोव्याहून गाड्या भरून माणसे जातात. वास्को ते वेळांकन्नी थेट आगगाडीही आहे. मराठी घरातल्या कितीतरी ख्रिस्ती आजींना तंजावर ठाऊक नसेल, वेळांकन्नी ठाऊक असते.

श्रद्धास्थानांचा आधार खरा असतो, विशेषतः मनाच्या आजारात, कारण तिथे माणसाला घराबाहेर काढून चार माणसांत बसवले जाते. पण त्याच राज्यात, रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या खासगी आश्रमात साखळीने बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने दखल घेतली, असे आश्रम बंद झाले. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात मानसोपचारतज्ज्ञ बसवून ‘दवा आणि दुआ’ एकत्र देण्याचा प्रयोग झाला, पुढे एरवाडीनेही ती वाट धरली. मुजावर स्वतः रुग्णाला डॉक्टरकडे पाठवतो. पूरक उपचार म्हणजे काय, याचे याहून नेमके उदाहरण मला सुचत नाही.

गाण्याचा दाखलाही याच मातीतला. मुत्तुस्वामी दीक्षितरांनी पोटशूळाने बेजार झालेल्या शिष्यासाठी नवग्रहांवरच्या कृती रचल्या, असे तिरुवारूरकडे सांगतात. ग्रहांचे ग्रह जाणोत. संगीताने वेदना आणि धास्ती कमी जाणवते, एवढे आजचे वैद्यकही मान्य करते.

या सगळ्या गर्दीत एक माणूस वेगळा उभा आहे, आणि तो मराठी बोलणारा होता. शरभोजी दुसरे १७९८ मध्ये तंजावरच्या गादीवर आले. १७९९ च्या तहाने कारभार कंपनीने घेतला. राज्य नसलेल्या राजाने काय करावे, याची भारतात पुष्कळ उदाहरणे आहेत आणि बहुतेक नाचगाण्यात संपतात. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली वाढलेल्या या राजाने नाचगाणेही केले, आणि त्याबरोबर सरस्वती महाल हे ग्रंथालय वाढवले, देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढून इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या, आणि धन्वंतरी महाल चालवला.

धन्वंतरी महालात देशी वैद्य होते आणि युरोपीय वैद्यकाचे जाणकारही. औषधे तिथेच तयार होत, रोग्यांना दिली जात, आणि गुण आलेले पाठ बाजूला काढले जात. दरबारी कवींकडून ते तमिळ पद्यात बांधून घेतले गेले. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ती पद्ये आज सरस्वती महालाने छापलेली आहेत. नेत्ररोग, मधुमेह, वात, गर्भिणी आणि बालरोग असे त्यांचे भाग आहेत. मराठी राजा, तमिळ छंद, संस्कृत आणि इंग्रजी ग्रंथांचा आधार. तंजावरात हे कुणाला विचित्र वाटले नाही.

पण माझ्या मते खरा ऐवज आहे तो नेत्ररुग्णांच्या कागदांत. सरस्वती महालात शरभोजींच्या काळातली रोगपत्रके जपलेली आहेत. रोग्याची तक्रार, डोळ्याची अवस्था, दिलेला उपचार असे टिपण आणि सोबत आजारी डोळ्यांची रंगीत चित्रे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांच्या नोंदीही आहेत. छायाचित्रण जन्मायचे होते, तेव्हा चितारी बसवून डोळ्यातली लाली आणि पडदा रंगवून घेतला. वैद्यांच्या घराण्यांत गुण आलेला पाठ लपवण्याची चाल असते. इथे राजाने तो कागदावर आणला, आणि एकेका रोग्याचा हिशेब ठेवला.

राजवाड्याबाहेरही हे चालू होते. तंजावरच्या राजांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रे, म्हणजे अन्नछत्र असलेल्या धर्मशाळा, उभारल्या होत्या. ती आपल्या हाती राहू द्यावीत म्हणून शरभोजींनी १८०१ मध्ये रेसिडेंट टोरिनला पत्र लिहिले. सर्व जातींच्या वाटसरूंना तयार भात मिळतो; कुणी आजारी पडला तर त्याला औषधपथ्य मिळते; रोग, सूज आणि सर्पविष उतरवणारे वैद्य छत्रात असतात; मेलेल्या वाटसरूंची पोरकी मुले सांभाळली जातात, अडलेल्या बाईचे बाळंतपण होते, असा त्याचा मथितार्थ आहे. १८०२ मध्ये ओरत्तनाडला उभे राहिलेले मुक्तांबा छत्र याच परंपरेतले. साहेबाला उद्देशून लिहिलेल्या अर्जात राजा आपल्या पराक्रमाबद्दल बोलत नाही, वैद्य आणि सुईणींबद्दल बोलतो.

शरभोजी १८३२ मध्ये गेले. त्यांचे पुत्र शिवाजी यांच्या काळात आणखी एक पाहुणा आला, होमिओपॅथी. सॅम्युएल ब्रुकिंग या निवृत्त इंग्रज शल्यवैद्याने १८४६ मध्ये तंजावरात होमिओपॅथीचे रुग्णालय काढले. राजाचा आश्रय होता. कोलकात्यात होमिओपॅथीचा बोलबाला होण्याच्या आधीची ही गोष्ट आहे, आणि बंगाली मित्रांना ती ऐकवताना मजा येते. गोड गोळ्यांमध्ये औषध उरते का, याबद्दल मी संशयी आहे. १८४६ साली मात्र रक्त काढणाऱ्या आणि पारा पाजणाऱ्या डॉक्टरपेक्षा काही न करणारी गोळी रोग्याला कमी अपाय करत असणार. १८५५ मध्ये शिवाजी राजे निपुत्रिक गेले आणि गादी संपली.

पुढची पायरी दरबाराबाहेरच्या माणसाने चढली. अब्राहम पंडितर (१८५९–१९१९) तंजावरच्या मुलींच्या शाळेत शिक्षक होते. १८९० मध्ये नोकरी सोडून त्यांनी सिद्ध वैद्यकी पत्करली. गावाबाहेर करुणानंदपुरम नावाचा मळा करून वनस्पती लावल्या आणि ‘संजीवी’ औषधे दूरदूर विकली. त्या पैशावर त्यांनी तमिळ संगीतशास्त्राचा ‘करुणामृत सागरम्’ हा प्रचंड ग्रंथ १९१७ मध्ये काढला. त्याआधी १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत, भातखंडे आणि इतर पंडितांसमोर, त्यांनी मुलींकडून आपली श्रुतींची मांडणी गाऊन दाखवली होती.

विसाव्या शतकातला सरकारी इतिहास झटपट सांगण्यासारखा आहे. देशी वैद्यकावर मद्रास सरकारने उस्मान समिती नेमली, तिचा अहवाल १९२३ चा. १९२५ मध्ये मद्रासला देशी वैद्यकाची शाळा निघाली. पाळैयंकोट्टैचे सिद्ध महाविद्यालय १९६४ चे, तांबरमची राष्ट्रीय सिद्ध संस्था २००५ ची. २०१४ मध्ये दिल्लीत आयुष मंत्रालय झाले. तमिळनाडूच्या अनेक सरकारी रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत आज सिद्धाची वेगळी खोली असते. चिकुनगुन्या, डेंग्यूच्या साथींत नऊ जिनसांचा ‘निलवेंबु कुडिनीर’ आणि करोनात पंधरा जिनसांचा ‘कबसुर कुडिनीर’ सरकारने वाटला. निलवेंबु म्हणजे आपले ओले किराईत. कडू इतके की लहान मूल औषधापेक्षा ताप बरा म्हणेल. प्रयोगशाळेत त्याचे काही गुण दिसले आहेत. पण लाखो पेले वाटले गेले आणि कोणाला काय झाले याचा हिशेब त्या मानाने फार थोडा ठेवला गेला, हे मला खटकते. ती संधी पुन्हा येत नाही.

हिशेब ठेवला तर काय होते, याचे उदाहरण मुंबईत आहे. सर्पगंधा वेड आणि रक्तदाबावर चालते, हे सेन आणि बोस यांनी १९३१ मध्ये लिहिले होते. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मुंबईत रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर अभ्यास करून १९४९ मध्ये तो ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला, आणि गावठी मुळी जगभरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गेली. तिच्यातून निघालेल्या रेसर्पिनने रुग्णांना उदासी येते असे पुढे नोंदले गेले, वापर कमी झाला. दोन्ही गोष्टी नोंदींनीच केल्या.

उलट बाजूही मुंबईचीच. करोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२० च्या अखेरीस शहरातल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण सापडले. सगळे गुळवेल घेत होते. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष अमान्य केला, वाद झाला. पण तो निष्कर्ष निघू शकला, कारण डॉक्टरांनी घरी काय घेता असे विचारले आणि रुग्णांनी सांगितले. एरवी आपण सांगत नाही. डॉक्टर रागावतील म्हणून काढा लपवतो, वैद्यबुवा रागावतील म्हणून गोळी.

म्हणून थोडे व्यवहाराचे. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू असे रोग हमखास बरे करतो अशी जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तशी जाहिरात दिसली की तिथून उठावे. बिनलेबलचे भस्म घेऊ नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, शस्त्रक्रिया ठरली असेल किंवा दिवस गेले असतील, तर लेह्य, काढा, चूर्ण जे काही चालू असेल ते डॉक्टरांना सांगावे, आणि नाव माहीत नसेल तर पुडीच बरोबर न्यावी.