हौसेच्या गाडीचा ताळेबंद

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत किंवा शेजारच्या कळंबोलीच्या लोखंड बाजारात ज्याची पेढी आहे, त्याला जुन्या मालाची पारख शिकवावी लागत नाही. पत्रा कोठे खरा आणि कोठे नुसता रंगवलेला, हे तो दुरून सांगतो. मात्र घरातील तरुणाने जुनी स्पोर्ट्‌स कार घेण्याचा हट्ट धरला, की ही पारख पुष्कळदा पेढीवरच राहते आणि सौदा रंगाच्या झळाळीवर ठरतो. रक्कम बेताची असेल, तर ही चूक थेट धंद्याच्या खेळत्या भांडवलाला भोवते.

बेताच्या रकमेत नावाजलेल्या विदेशी गाडीचा विचार न केलेला बरा. तिचा लहानसा सुटा भागही सीमाशुल्क भरून मागवावा लागतो. जवळचा पर्याय गोव्यात घडला. १९९०च्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने तेथे ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनी, उघडता येणाऱ्या छताची गाडी बांधली. तिचे अंग फायबरग्लासचे, इंजिन रेनॉचे, ११४९ सीसीचे आणि शक्ती सुमारे ६० अश्वशक्ती. वेग बेताचा, पण रूप देखणे. ती थोड्याच संख्येने बनली आणि तिचे इंजिन येथील रोजच्या गाड्यांत आढळत नाही. म्हणून खरेदीपूर्वी सुटे भाग कोठून मिळतील, याची खात्री हवी.

ज्याला स्पोर्ट्‌स कारपेक्षा जुन्या गाडीचीच गोडी अधिक, त्याने प्रीमियर पद्मिनीकडे पाहावे. सोलापूरच्या जैन घराण्यातील वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली आणि त्यांच्या पश्चात कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघाली. १०८९ सीसीचे इंजिन आणि स्टिअरिंगलगतचा गिअर ही तिची ओळख. मुंबईच्या टॅक्सींतून ती ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. त्या दीर्घ सेवेमुळेच तिचे कारागीर आणि भाग आजही शोधल्यास सापडतात.

गाडी पाहावी ती दिवसाउजेडी आणि शक्यतो पावसाळ्यानंतर. खाडीची दमट हवा, कारखान्यांचा धूर आणि पनवेलचा मुसळधार पाऊस या तिन्हींचा मारा लोखंडावर होतो. पत्र्याच्या गाडीवर पातळ कापडात गुंडाळलेले चुंबक फिरवावे. जेथे ते चिकटत नाही, तेथे रंगाखाली लांबी भरलेली असते. फायबरग्लासवर ही परीक्षा चालत नाही. तेथे तडे पाहावेत आणि गाडी वर उचलून चेसिस तपासावी, कारण अंग गंजले नाही तरी सांगाडा गंजतो. इंजिन थंड असतानाच सुरू करावे. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबला नाही, तर कूलंट आत शिरत असण्याची शंका घ्यावी.

इंधनाचाही प्रश्न आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्या खराब करते. नळ्या बदलण्याचा खर्च म्हणून आधीच धरावा. आसने चामड्याची असतील, तर अहिंसेच्या दृष्टीने ती बदलून कापडी करण्याचा खर्चही अनेक घरांत मांडावा लागेल.

खरी जोखीम मात्र कागदपत्रांत असते. चेसिस आणि इंजिनवरील क्रमांक नोंदणी पुस्तकाशी अंकाअंकाने जुळले पाहिजेत. गाडी गोव्याची असेल, तर तेथील परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे. महाराष्ट्रात ती १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असेल, तर येथे नवा क्रमांक आणि कर आला. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते. पुढे तपासणीनंतर पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातील गाड्यांसाठी २०२१पासून स्वतंत्र ‘व्हिंटेज’ नोंदणी आहे, पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते.

विकणाऱ्यानेही निर्धास्त राहू नये. अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी ज्याच्या नावे नोंद आहे त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. तेव्हा हस्तांतराची नोंद होईपर्यंत सौदा पूर्ण झाला असे कोणीही मानू नये. पाच वर्षांहून जुन्या गाडीचे विमामूल्य कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. ते लेखी घ्यावे.

शेवटी हिशेब. ठरवलेल्या रकमेतील दोन हिस्से खरेदीला आणि एक हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला, असे गणित असावे. तिसरा हिस्सा उरत नसेल, तर ती गाडी महाग आहे, मग विक्रेता कितीही स्वस्तात देवो. कर्ज काढून किंवा दुकानाच्या मालाचे पैसे वळवून हौस भागवू नये. थोडा काळ थांबले, तर गाडी पुन्हा मिळेल. पण वेळेवर न चुकलेल्या हुंडीने कमावलेली पत एकदा गेली, की ती सहजी परत मिळत नाही.