पंचायत समिती, शेवगाव: खुर्ची कोणाची?

शेवगाव तालुक्याच्या एका अंगाला नाथसागराचा फुगवटा आणि दहिगाव-नेचा ऊस. दुसऱ्या अंगाला बोधेगाव, लाडजळगावकडची ऊसतोडीला जाणारी माणसं आणि उन्हाळ्यातले टँकर. दोन्हीकडची गाऱ्हाणी पंचायत समितीच्या मासिक सभेत एकत्र यायची: घरकुलाचा हप्ता, रोजगार हमीतली विहीर, शाळेची गळकी खोली. समितीला स्वतःचा कर नाही, पैसा वरून येतो. तरी सभापतीपदासाठी तालुका ढवळून निघतो, कारण कोणत्या वस्तीचा रस्ता आधी होणार हे तिथे ठरतं.

ही घडण वसंतराव नाईक समितीची. तिच्या शिफारशींवरचा 1961 चा कायदा 1 मे 1962 पासून अमलात आला. नाईकांनी जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा परिषदेपासून दूर ठेवलं, आमदार-खासदारांनाही सदस्यत्व दिलं नाही. आज जिल्हा परिषदेच्या एका गटाचे दोन गण, गणाचा एक सदस्य, सदस्यांमधून सभापती. गटविकास अधिकारी सचिव: त्याने विषय मांडायचा, ठराव निवडून आलेल्यांनी करायचा.

ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, समितीला असतं. गावपातळीवर पक्ष कशाला, असं पुष्कळ सज्जन म्हणतात. अयूब खान यांचंही तेच मत होतं! 2 ऑक्टोबर 1959 ला नेहरूंनी नागौरला पंचायत राज सुरू केलं आणि त्याच महिन्यात पाकिस्तानच्या या लष्करशहाने ‘मूलभूत लोकशाही’ आणली. 80 हजार प्रतिनिधी, पण पक्ष नाहीत. तहसील परिषदेवर तहसीलदार, जिल्ह्याला डेप्युटी कमिशनर अध्यक्ष. फेब्रुवारी 1960 मध्ये याच प्रतिनिधींनी अयूबवर विश्वासाचं शिक्कामोर्तब केलं, 1965 मध्ये अध्यक्षपदासाठी त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या फातिमा जिनांना पाडलं. नंतरच्या लष्करशहांनी, झियांनी 1979 मध्ये आणि मुशर्रफ यांनी 2001 च्या सुमारास, पुन्हा बिनपक्षी स्थानिक निवडणुकाच घेतल्या. रस्ता मागणारा सदस्य लष्कराला चालतो. सत्तेवर दावा सांगणारा पक्ष चालत नाही.

आपलं लष्कर बराकीतच राहिलं. पण मार्च 2022 मध्ये समितीची मुदत संपली, ओबीसी आरक्षणाच्या आणि गटरचनेच्या वादात निवडणुका अडकल्या आणि गटविकास अधिकारीच प्रशासक झाला. सचिव तोच, सभागृहही तोच. चार महिन्यांत निवडणुका घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाला 6 मे 2025 रोजी सांगावं लागलं. ही लष्करशाही नव्हे, अधिकाऱ्याचाही दोष नाही; काही कागद वेगाने हललेही असतील. शेवगावचं राजकारण घुले, राजळे, ढाकणे या घराण्यांभोवती फिरतं, हेही खरं. पण घराण्याला पाडता येतं. टँकर आला नाही तर लाडजळगावच्या बाईने प्रशासकाला कोणत्या मतपेटीत पाडायचं?

मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण करा, असं संविधानाच्या 243-ई कलमात स्वच्छ लिहिलं आहे. आमदारकीसाठी मत मागायला दारात येईल त्याला शेवगावकरांनी आधी या कलमाबद्दल विचारावं.