गिअरची दांडी पायाच्या मापाची

ऊसतोड सुरू झाली की सांगलीकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या चाकांना लागून शेतातली काळी माती येते. चेनच्या तेलात ती कालवली जाते आणि मोटारसायकलच्या पुढच्या स्प्रॉकेटच्या झाकणाआड तिचा टणक थर बसतो. तो खरवडायचा तर झाकण उघडावं लागतं आणि बऱ्याच गाड्यांवर त्याआधी गिअरची दांडी सुटी करावी लागते. साफसफाई घरच्या घरी सहज होते. गाडी पुन्हा जोडली की मात्र कुणाचा दुसरा गिअर पडत नाही, कुणाचं न्यूट्रल लागत नाही आणि संशय गिअरबॉक्सवर जातो. मी साखर कारखान्यात फिटर म्हणून नोकरी केली. माझ्या पाहण्यातल्या अशा बहुतेक तक्रारी इंजिन न उघडताच मिटल्या आहेत.

साध्या गाड्यांत दांडी इंजिनातून बाहेर आलेल्या शाफ्टवर थेट बसते. फूटरेस्ट मागे असलेल्या गाड्यांत पाय तिथवर पोचत नाही. म्हणून दांडी फूटरेस्टजवळ फिरते आणि एक बारीक रॉड तिची हालचाल शाफ्टवरच्या छोट्या आर्मपर्यंत नेतो. हे झालं लिंकेज.

आर्म काढताना त्याचा बोल्ट नुसता ढिला करून चालत नाही, पुरता बाहेर काढावा लागतो. बऱ्याच शाफ्टवर त्या बोल्टसाठी खाच असते आणि बोल्ट तिच्यात अडकून राहतो. आर्म निघत नाही म्हणून हातोडी उचलू नका. तो मार आतल्या भागांपर्यंत जातो. शाफ्टभोवतीचं ऑइल सीलही फडक्यानंच पुसायचं, स्क्रू ड्रायव्हरनं उकरायचं नाही. काढण्याआधी शाफ्टवरचा ठिपका आर्मच्या चिरेसमोर आहे का ते बघा. ठिपका नसेल तर पांढऱ्या रंगानं स्वतःची खूण करा. शाफ्टवर बारीक दाते असतात आणि आर्म एक दात इकडेतिकडे बसला तरी दांडीची उंची बरीच बदलते.

जोडताना मी आधी कोन बघतो. दांडी मोकळी असताना रॉड आणि आर्म यांच्यात काटकोन हवा. तो फार बिघडला तर पायानं दिलेला जोर वाया जातो, शाफ्ट पुरता फिरत नाही आणि गिअर अर्धवट पडतो. काटकोन दात बदलून साधायचा, उंची रॉडनं. ही दोन कामं वेगळी ठेवली की गोंधळ उरत नाही.

रॉडच्या दोन टोकांपैकी एकाला सरळ आटे असतात, दुसऱ्याला उलटे. त्यामुळे चेक नट ढिले केले की रॉड जागेवरच फिरवून लांबी कमीजास्त करता येते. उलट्या आट्याच्या टोकाला बहुधा एखादी खाच किंवा खूण असते. तिथला नट नेहमीच्या दिशेनं सोडायला गेलात तर तो अधिकच आवळत जाईल. आटे 6 मिलिमीटरचे, 1 मिलिमीटर पिचचे असतील तर रॉडच्या एका फेऱ्यात लांबी 2 मिलिमीटर बदलते. दांडीच्या टोकाशी हा फरक आणखी मोठा होतो, म्हणून अर्ध्या अर्ध्या फेऱ्यानं पुढे जावं. दोन्ही टोकांना किमान 6 मिलिमीटर आटे आत राहिलेच पाहिजेत.

आता उंची किती ठेवायची? गिअर कोणत्या पायात असावा हे अमेरिकेत कायद्यानं ठरलं. 1 सप्टेंबर 1974 पासून तिथल्या नव्या मोटारसायकलींना डाव्या पायाचा गिअर सक्तीचा झाला. आपल्याकडची बुलेट त्यानंतरही कितीतरी वर्षं उजव्या पायानंच गिअर टाकून घेत राहिली. पण दांडीची उंची कुठल्या कायद्यानं ठरलेली नाही. ती चालवणाऱ्यानंच ठरवायची आणि त्याकरताच तो रॉड आट्यांचा केलेला आहे, असं मी मानतो. माझी पुतणी कॅनव्हासचे बूट घालून मिरजेला नोकरीवर जाते. ती म्हणाली, "काका, वरचा गिअर टाकताना माझा पाय फूटरेस्टवरून उचलला जातो." तिला मी गाडीवर बसवलं, टाच फूटरेस्टवर टेकवायला सांगितली आणि बोटं सहज दांडीखाली जातील एवढीच उंची ठेवली. जाड बूट घालणाऱ्याला तीच दांडी वर लागेल. गाडीसोबत आलेल्या मापाशी पाय जुळवत वर्षानुवर्षं घोटा दुखवून घेणारी माणसं बघितली की मला वाईट वाटतं, कारण उपाय दहाच्या पान्याएवढा आहे.

दांडीच्या खिळीला आणि रॉडच्या गोळीच्या सांध्यांना जुनं ग्रीस पुसून नवं लावा, रबरी टोप्या जागेवर बसवा. दांडी हातानं दाबून सोडली की आपोआप मध्यावर परत आली पाहिजे. येत नसेल तर खिळीपाशी माती अडकली आहे किंवा वायसर चुकीचा बसला आहे. आर्मचा बोल्ट 6 मिलिमीटरचा असेल तर साधारण 10 न्यूटन-मीटर ताण पुरतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघावा. चेक नट आवळताना रॉड दुसऱ्या पान्यानं धरून ठेवा, नाहीतर केलेलं माप तिथेच हलतं.

मग गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, इंजिन बंद ठेवून, मागचं चाक हातानं फिरवत सगळे गिअर टाकून बघा. चाक फिरवल्याशिवाय गिअर नीट पडत नाहीत आणि उगाच शंका येते. दांडी झाकणाला किंवा स्टँडला घासते का, तेही याच वेळी कळतं. गाडी थोडी चालवून आणल्यावर दोन्ही चेक नटांवर पुन्हा पाना लावा.

एवढं करूनही दोन गिअरांच्या मध्ये गाडी मोकळी सुटत असेल आणि क्लचची वायर बरोबर असेल, तर बिघाड आत आहे. गाडी मेकॅनिककडे न्या. लिंकेज तपासून झालं आहे हे त्याला सांगितलंत तर तो थेट आतल्या भागांकडे वळेल.