नळीतला अडसर

गोरेगावच्या चित्रनगरीत चकमकीचं दृश्य चाललं असेल, तर नायकाच्या हातातलं पिस्तूल जरा निरखून पाहावं. चाप ओढला की तोंडातून जाळ निघतो, वरची स्लाइड झटक्यात मागे जाऊन पुढे येते, पितळेचं रिकामं कवच बाजूला उडतं. जाळ आजकाल संगणकावरही काढतात, पण ब्लँक काडतूस असेल तर दारू खरी, स्फोट खरा आणि पितळही खरं. नसते ती फक्त गोळी.

आणि गंमत अशी, की गोळी नसेल तर हे यंत्र एरवी चालतच नाही. गोळी नळीत असेपर्यंत वायू कोंडलेला राहतो आणि त्याच्या जोरावर स्लाइड मागे ढकलली जाते. ब्लँकमध्ये वायू मोकळा निसटून जातो. म्हणून नळीत अडसर बसवतात. वायू कोंडायचं काम तोच करतो, आतून गोळीसारखं काही बाहेर पडू न देण्याचंही तोच. पिस्तूल जिवंत भासतं ते त्या तुकड्यामुळे, आणि जीव घेत नाही तेही त्याच्यामुळेच. एवढ्याशा धातूवर किती भिस्त!

नळीत भलतंच काही अडकलं तर काय होतं, तेही पाहा. मार्च १९९३ मध्ये अमेरिकेत विल्मिंग्टन इथे ‘द क्रो’च्या चित्रीकरणात ब्रँडन ली मारला गेला, ब्रूस लीचा मुलगा. त्या रिव्हॉल्वरमध्ये आधीच्या एका दृश्यासाठी दिखाऊ काडतुसं भरली होती. त्यातल्या एकाचं शिसं नळीत अडकून राहिलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे त्यातच ब्लँक झाडलं गेलं. एकाकडे शिसं होतं, दुसऱ्याकडे दारू. दोन खोट्या काडतुसांचं मिळून एक खरं झालं.

मग अशा खऱ्या भागांच्या खोट्या बंदुकीला काय म्हणायचं? आपला १९५९ चा हत्यार कायदा इथे चकित करतो. त्याच्या व्याख्येत हत्याराचे सुटे भागसुद्धा हत्यारच. खेळण्याला सूट आहे, पण जे खेळण्याखेरीज कशालाच उपयोगी पडणार नाही आणि ज्याचं चालतं हत्यार करता येणार नाही, अशालाच. वस्तू आज काय करते एवढं पाहून कायदा थांबत नाही, उद्या तिचं काय करता येईल तेही विचारतो. परवान्याशिवाय नकली बंदुकीची खरी केली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. आणि अटक टाळायला नकली बंदूक रोखली, तर ती गोळी सोडू शकते की नाही हा प्रश्नच उरत नाही; कलम २८ खाली शिक्षा ७ वर्षांपर्यंत.

दिसण्याचा धाक किती, ते ३० ऑक्टोबर २०२५ ला पवईत कळलं. ऑडिशनला बोलावलेली १७ मुलं एका माणसाने स्टुडिओत कोंडून ठेवली. मुलं सुखरूप सुटली, तो पोलिसांच्या गोळीने मेला. त्याच्याकडे सापडली ती एअरगन. आत शिरणाऱ्या पोलिसाने त्या क्षणी फरक कसा ओळखायचा?

फरक सांगणारी माणसं बसतात सांताक्रूझला, कलिनाच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत. पण त्यांच्या टेबलावर वस्तू येते ती जप्तीनंतर. मला ही तपासणी विक्रीआधी हवी आहे. जपानने १९७१ पासूनच धातूच्या नकली पिस्तुलाची नळी बुजवायला आणि ते पांढरं किंवा पिवळं रंगवायला लावलं. ब्रिटनने १९८२ मध्ये सहज बदलता येणाऱ्या नकली बंदुकीला खरीचेच नियम लावले. आपल्याकडे व्याख्या आधीच आहे; ती दुकानाच्या काउंटरपर्यंत न्यायला हवी. खरी नळी किंवा खरी यंत्रणा असेल तर ती बंदूकच धरावी, आणि तसं नाही हे विकणाऱ्याने दाखवून द्यावं. चित्रीकरणवाल्यांची यात ओढाताण होईल, हे मान्य. त्यांनी ब्लँकची पिस्तुलं जरूर वापरावीत, मात्र प्रत्येकावर नंबर असावा, कुणाच्या ताब्यात आहे त्याची नोंद असावी, आणि अडसर असा असावा की तो काढू गेल्यास नळीच निकामी व्हावी.