हरवलेला माणूस हाक मारत नाही

रेल्वे स्थानकाच्या गोंगाटात एक घोषणा आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेली आहे. अमुक गावाहून आलेले अमुक आजोबा जिथे असतील तिथून त्यांनी चौकशी खिडकीजवळ यावं, घरची मंडळी वाट पाहत आहेत. गर्दीत चुकामूक झालेल्या धडधाकट माणसासाठी ही घोषणा ठीक आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या बाबतीत ती बहुतेक वेळा वाया जाते. आपलं नाव त्याला ऐकू येतं, कदाचित ओळखीचंही वाटतं, पण आपण हरवलोय हेच त्याच्या गावी नसतं. त्याच्या लेखी तो कुठेतरी निघालेला असतो आणि त्याला उशीर होत असतो.

रॉबर्ट कोएस्टर या अमेरिकी शोधतज्ज्ञाने जगभरातल्या हजारो शोधमोहिमांच्या नोंदी गोळा केल्या आणि २००८ साली त्यावर ‘लॉस्ट पर्सन बिहेवियर’ हे पुस्तक लिहिलं. वाट चुकलेला गिर्यारोहक कसा वागतो, लहान मूल कुठे लपतं, शिकारी कुठे जातो, असा प्रत्येकाच्या वागण्याचा माग त्यात आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांविषयीची त्याची नोंद वाचून धस्स होतं. ही माणसं मदतीसाठी ओरडत नाहीत आणि कोणी हाका मारल्या तरी बहुधा ओ देत नाहीत. ती समोर दिसेल त्या दिशेने चालत राहतात आणि अडकतात तिथे थांबतात. झुडपात, ओढ्यात, कुंपणाच्या तारेशी. पायी गेलेली असतील तर बरीचशी शेवटच्या ठिकाणापासून एक-दोन किलोमीटरच्या आतच सापडतात. शोधणारे मात्र कित्येकदा त्यांच्या जवळून हाका मारत पुढे निघून गेलेले असतात.

असं का होतं, याचं उत्तर कानशिलाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या तळाशी आहे. १९७१ मध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या, ज्या उंदीर खोलीतल्या एका ठराविक जागी आला की चेतत. पलीकडच्या कोपऱ्यात गेला की दुसऱ्या पेशी चेतत. पुढे २००५ मध्ये नॉर्वेतल्या मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर या दांपत्याला हिप्पोकॅम्पसच्या शेजारी, एंटोरायनल कॉर्टेक्समध्ये वेगळ्याच पेशी दिसल्या. त्या आलेखाच्या कागदासारखी सगळ्या जागेवर एक अदृश्य जाळी टाकतात आणि आपण किती अंतर, कोणत्या दिशेला आलो याचा हिशेब ठेवायला मदत करतात. या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. पाहुण्यांच्या घरीही आपण डोळे चोळत उठून अंधारात पाण्याचा माठ बरोबर गाठतो, तो या यंत्रणेच्या जोरावर.

आता दुर्दैव पाहा. अल्झायमरमध्ये पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गाठी होतात. हाइको आणि एव्हा ब्राक या जर्मन संशोधकांनी १९९१ मध्ये या गाठींच्या पसरण्याचा क्रम मांडला. मेंदूच्या बाह्यपटलात त्या सर्वांत आधी दिसतात त्या याच एंटोरायनल भागात. म्हणजे नातवंडांची नावं पुसली जाण्याच्या पुष्कळ आधी नकाशा फाटायला लागलेला असतो. घरच्यांना तो फाटलेला दिसत नाही, कारण गप्पा शाबूत असतात. लग्नाच्या हॉलमध्ये आजोबा व्याह्यांशी १९७२ च्या दुष्काळावर तासभर बोलतात, मग हात धुवायला जातात आणि येताना दुसऱ्याच लग्नाच्या पंगतीत जाऊन बसतात. सगळे हसतात. तो प्रसंग चेष्टेचा नसून डॉक्टरांना सांगण्याचा असतो, हे माझं स्पष्ट मत आहे. (स्मृतिभ्रंशाचा प्रत्येक रुग्ण अल्झायमरचाच असतो असं नाही. मेंदूचा रक्तपुरवठा बिघडल्यानेही तो होतो, आणि तिथे क्रम वेगळा असू शकतो.)

वाट चुकण्याची ही खूण किती लवकर दिसू शकते, याचा अंदाज एका मोबाइल गेमने दिला. २०१६ मध्ये आलेल्या ‘सी हिरो क्वेस्ट’मध्ये होडी हाकत वाट शोधायची असते. जगभरातल्या ४० लाखांहून अधिक लोकांनी तो खेळला आणि संशोधकांच्या हाती दिशाज्ञानाची प्रचंड माहिती आली. अल्झायमरचा धोका वाढवणारा एपीओई-४ हा जनुकप्रकार असलेली काही माणसं २०१९ च्या अभ्यासात तपासली गेली. स्मरणशक्तीच्या नेहमीच्या चाचण्यांत ती उत्तम होती. खेळात मात्र ती सरळ वाट सोडून कडेकडेने जात होती.

मग हेच बाबा रोज सकाळी एकटे जाऊन दूध आणतात, ते कसं? घरच्यांची सगळ्यात मोठी गफलत इथे होते. पायाखालच्या वाटेला नकाशा लागतच नाही. पिंपळापाशी डावीकडे, पिठाच्या गिरणीपुढे सरळ, ही सवय मेंदूच्या वेगळ्या भागात, कॉडेट केंद्रकात मुरलेली असते आणि अल्झायमरमध्ये ती तुलनेने उशिरापर्यंत टिकते. प्रवासाला निघालं की पिंपळही नसतो आणि गिरणीही नसते. उरतो तो फक्त नकाशा, आणि तो तर आधीच गेलेला. म्हणून घरी ‘तसे बरे’ असलेले आईबाबा अष्टविनायकाच्या सहलीत, काशीयात्रेत किंवा मुलाकडे न्यू जर्सीला गेल्यावर अचानक ‘फार बिघडले’ असं वाटतं. त्यांचा आजार विमानात वाढलेला नसतो. घराने तो झाकून ठेवलेला असतो.

रात्रीच्या गाडीचा डबा डोळ्यांसमोर आणा. दोन्ही टोकांना स्वच्छतागृहं, दोन्ही टोकांना दारं, मधे सारखेच पडदे आणि सारखेच बर्थ. निळसर दिव्यात उजवं-डावं ओळखायची एकही खूण नाही. पहाटे तीनला आजोबा लघवीला उठतात. बाहेर येतात तेव्हा गाडी भुसावळला उभी असते, दार उघडं असतं, फलाटावर उजेड आणि चहावाल्याचा आवाज असतो. बर्थ नंबर आठवत नाही, पण गाडी थांबली की उतरायचं ही साठ वर्षांची सवय शाबूत असते. ते उतरतात. सून वरच्या बर्थवर गाढ झोपलेली असते. तिला जाग येते ती थेट जळगाव मागे पडल्यावर.

त्यात भर घालणारी एक गोष्ट आपण हौसेने करतो. वाटेत सारखं उठायला नको म्हणून म्हातारी माणसं प्रवासाच्या आदल्या दिवसापासून पाणी तोडतात. उतारवयात तहान मुळातच कमी लागते. शरीर कोरडं पडलं, मूत्रमार्गात संसर्ग झाला, झोप मोडली किंवा ‘शांत झोपू दे’ म्हणून एखादी गोळी दिली, की काही तासांत मेंदूत गोंधळ माजतो. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. स्मृतिभ्रंशावर डिलिरियम चढला की काल ओळखणारा माणूस आज मुलालाच ‘आपण कोण?’ असं विचारतो. यातलं बरंचसं उपचाराने उतरतं, म्हणून ‘वयच झालंय’ म्हणत ते सोडून देऊ नये. संध्याकाळी अस्वस्थता वाढते, तीही बहुतेक घरांनी अनुभवलेली असते. मेंदूतलं दिवसरात्रीचं घड्याळ बिघडल्याचा तो परिणाम असतो. संध्याकाळी सहाची गाडी अशा माणसासाठी सगळ्यात वाईट.

लक्ष कसं ठेवलं नाही, हा प्रश्न नातेवाईक लगेच विचारतात. त्यांनी जपानमधला एक खटला वाचावा. डिसेंबर २००७, आइची प्रांतातलं ओबू शहर. ९१ वर्षांच्या गृहस्थांना स्मृतिभ्रंश होता. ८५ वर्षांची पत्नी आणि त्यांची सेवा करायला जवळ येऊन राहिलेली सून, दोघी घरात होत्या. पत्नीला काही मिनिटं डुलकी लागली, सून कामात होती. दाराशी सेन्सर होता, पण तो त्या वेळी बंद होता. गृहस्थ बाहेर पडले, स्थानकावर गेले, गाडीत बसले, पुढच्या क्योवा स्थानकावर उतरले आणि रुळांवर गेल्यावर गाडीखाली सापडले. गाड्या खोळंबल्या म्हणून रेल्वे कंपनीने कुटुंबाकडेच भरपाई मागितली आणि खालच्या न्यायालयाने ७२ लाख येन द्यायला सांगितले. १ मार्च २०१६ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाला जबाबदारीतून मोकळं केलं. दोन माणसं घरात असूनही हे घडलं, कारण चोवीस तास डोळ्यांत तेल घालून बसणं कुणालाही शक्य नसतं.

जपानने यातून पुष्कळ शिकून घेतलं, त्याला इलाजही नव्हता. २०२३ मध्ये तिथल्या पोलिसांकडे स्मृतिभ्रंशाच्या १९,०३९ माणसांच्या बेपत्ता होण्याची नोंद झाली. बहुतेक सापडली, पण पाचशेहून अधिक मृतावस्थेत. इरुमा शहराने नखावर चिकटवायचा सेंटिमीटरभराचा क्यूआर कोड काढला. कोट बदलतो, चप्पल बदलते, नख कुठे जात नाही! ओमुता शहरात तर दरवर्षी कवायत होते. एक जण हरवल्याचं सोंग घेऊन गावात फिरतो आणि दुकानदार, टॅक्सीवाले, शाळकरी पोरं त्याला ओळखून हळूच बोलतं करण्याचा सराव करतात. मला यातलं तंत्रज्ञानापेक्षा हे सोंगच जास्त आवडलं. शोधून काढणारा शेवटी कुणीतरी अनोळखी माणूसच असतो, आणि त्याची तयारी करून घेणारं ते गाव आहे.

शोधताना विचारायचा प्रश्न ‘कुठे गेले असतील?’ एवढाच नसतो. ‘त्यांच्या मनात आज कोणतं साल आहे?’ हाही असतो. ब्रिटनमध्ये जॉर्ज हर्बर्ट नावाचे, नॉर्मंडीच्या लढाईत लढलेले एक गृहस्थ वृद्धाश्रमातून निघून गेले आणि मृतावस्थेत सापडले. ते आपल्या बालपणीच्या घराकडे निघाले होते. त्यांच्या नावाने तिथले पोलीस आता ‘हर्बर्ट प्रोटोकॉल’ राबवतात. घरच्यांनी आधीच एक अर्ज भरून ठेवायचा, त्यात जुने पत्ते, जुन्या नोकऱ्या, आवडत्या जागा लिहायच्या. आपल्याकडे याची वेगळी यादी होईल. लालबागची गिरणी बंद पडून कितीही वर्षं होवोत, एखादे आजोबा पहिल्या पाळीला निघतात. स्वतःच्या घरात बसून ‘मला घरी जायचंय’ म्हणणारी आजी देवगडच्या माहेराकडे निघालेली असते. ठाण्यात बेपत्ता झालेल्या अशा आजीला कोकणात जाणाऱ्या एसटीच्या थांब्यावर आधी शोधावं.

जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या बेनराथ भागातल्या एका वृद्धनिवासाने दारापुढे बसचा खोटा थांबा उभारला. बाहेर पडलेला माणूस तिथे बसची वाट बघत बसतो, बस काही येत नाही, थोड्या वेळाने कुणीतरी येऊन ‘बसला उशीर आहे, तोवर कॉफी घेऊ’ म्हणत आत नेतं. ही फसवणूक आहे का? आहे. पण कडीकुलूप लावण्यापेक्षा बरी.

परप्रांतात आणखी एक गोची होते. उशिरा शिकलेली भाषा अनेकदा आधी गळते आणि पाळण्यातली उरते. जन्मभर सरकारी कचेरीत हिंदी-इंग्रजी बोललेले गृहस्थ विजयवाड्याच्या फलाटावर फक्त मालवणी बोलतात आणि पोलिसांना ते असंबद्ध वाटतं. अशा माणसाचा पत्ता काढणं अवघड, पण अशक्य नाही. डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवण्याच्या कामासाठी. कर्जतच्या त्यांच्या श्रद्धा फाउंडेशनमधून माणसं देशाच्या कानाकोपऱ्यात परत गेली. ते रुग्ण निराळे, पण पत्ता काढण्याची चिकाटी तीच लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भटकताना आढळलेल्या मनोरुग्णाला संरक्षणात घेण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकलेली आहे.

भारतात साठीपुढच्या लोकांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. यातली पुष्कळ माणसं यात्रेला जातात आणि जावीतही. प्रयागच्या मेळ्यात राजाराम तिवारी यांनी १९४६ मध्ये ‘भूले-भटके शिविर’ सुरू केलं. भोंग्यावरून नाव पुकारायचं आणि माणसाने यायचं, ही त्याची रीत. नाशिकचा २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. तिथे हरवलेल्याला उद्देशून पुकारा करण्यासोबत गर्दीला उद्देशून करावा: पांढरा सदरा, तपकिरी टोपी, उजव्या हातात तांब्याचं कडं, असे आजोबा दिसले तर त्यांच्याजवळ थांबा. वारीत तर ओळखीची सोय शतकानुशतकं आहे. रथापुढची की रथामागची आणि कितवी दिंडी, एवढं गळ्यातल्या बिल्ल्यावर असलं तरी माणूस मुक्कामी पोचतो. त्याखाली एक मोबाइल नंबर वाढवायचा आहे.

तुमच्या घरी असं कुणी असेल आणि दिवाळीत कुठे निघणार असाल, तर शक्यतो दिवसाची गाडी घ्या आणि एक जण कायम त्यांच्या आणि दाराच्या मधल्या बर्थवर राहू द्या. पाणी तोडू देऊ नका. नंबर पाकिटात ठेवण्यापेक्षा कपड्याच्या आत शिवा. निघताना, त्याच कपड्यांत, त्यांचा पूर्ण उभा फोटो काढा. नाहीतर ऐनवेळी पोलिसांना दाखवायला पाच वर्षांपूर्वीच्या मुंजीतला शालीतला फोटो निघतो. हरवलेच, तर चालत गेले की वाहनात बसले एवढं आधी ठरवा. चालत गेले असतील तर पहिला तास जवळपासची झुडपं, जिने, बंद डबे धुंडाळण्यात घालवा. तोवर दुसऱ्याने रेल्वेच्या १३९ वर किंवा ११२ वर फोन करावा. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. बेपत्ता व्यक्तीची नोंद करायला चोवीस तास थांबावं लागतं, असा कोणताही नियम नाही. लोहमार्ग पोलिसांकडे त्याच क्षणी जा.