गुडघा सावरल्यावरच आखाड्यात
कसबा पेठेत ‘फणी आळी तालीम’सारखी नावे आजही कुस्तीची आठवण देतात. झटापटीत गुडघा पिळवटून लिगामेंट तुटले, की सूज ओसरताच पहिलवान पुन्हा लढण्यास उतावीळ होतो. घात होतो तो इथेच! वेदना थांबली, तरी मांडीचे स्नायू दुबळेच असतात. शस्त्रक्रियेनंतर किमान नऊ महिने थांबावे. शिवाय दुखावलेल्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत आली का, हे फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यावे. रिओ ऑलिंपिकमध्ये (२०१६) गुडघा दुखावलेल्या विनेश फोगाटला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. २०१८ मध्ये तिने आशियाई सुवर्ण जिंकले. दुखापत टाळण्यासाठी तालमीतल्या बैठका उपयुक्तच. मात्र उडीनंतर गुडघा आत न वळू देता उतरण्याचा सरावही त्यांना जोडावा.