सायकल थांबली तरी साखर उतरत राहते

रविवारी पहाटे घिवलीहून निघायचे, बोईसरमार्गे पालघर गाठायचे आणि ऊन चढायच्या आत घरी परतायचे. मधुमेह असताना हे जमेल का? जमेल. ‘टीम नोवो नॉर्डिस्क’ या व्यावसायिक संघातील सर्वच सायकलपटू मधुमेही आहेत. सुमारे ३०० किलोमीटरच्या मिलान–सान रेमो शर्यतीतही हा संघ उतरला आहे. मात्र त्यासाठी साखरेचे गणित समजायला हवे.

पेडल मारताना स्नायू इन्सुलिनशिवायही रक्तातील साखर ओढून घेतात. त्यात इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतलेली असेल, तर साखर झपाट्याने घसरू शकते. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फार कमी असतो.

निघण्यापूर्वी साखर तपासा. ती ९० पेक्षा कमी असेल तर आधी थोडे खा. २५० च्या वर असेल आणि लघवीत किंवा रक्तात कीटोन आढळले, तर त्या दिवशी सायकल नको. लांबच्या फेरीत दर तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागू शकतात. मांडीत इन्सुलिन टोचून लगेच सायकल चालवू नका. ते लवकर शोषले जाते.

हात थरथरणे, घाम फुटणे, गोंधळल्यासारखे होणे ही साखर घसरल्याची लक्षणे. पण किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम सगळ्यांनाच येतो, म्हणून तो उन्हाचा समजून दुर्लक्ष होते. शंका आली की थांबा आणि तपासा. साखर ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. चिक्की यावेळी कामाची नाही. शेंगदाण्यातील स्निग्धांशामुळे तिची साखर रक्तात उशिरा पोहोचते.

खरी फसगत रात्री होते. रिकामे झालेले साखरेचे साठे स्नायू आणि यकृत पुढचे कित्येक तास भरत राहतात. त्यामुळे झोपेत साखर घसरू शकते. म्हणून झोपण्यापूर्वी पुन्हा तपासणी हवी. त्या दिवशीचा डोस किती कमी करायचा, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

आणि एक गोष्ट सोबत्यांपासून लपवू नका: आपल्याला मधुमेह आहे आणि ग्लुकोज कोणत्या खिशात आहे. गरज पडेल तेव्हा ते सांगण्याच्या स्थितीत आपण नसूही.